पारपत्रावरचा शिक्का आणि शाळेचा दाखला

परदेशातील नोकरीसाठी व्हिसाचा अर्ज करणाऱ्या अल्पशिक्षित श्रमिकाला दोन राज्यसत्तांपुढे उभे राहावे लागते. व्हिसा परका देश देतो. परंतु आखातात जाण्यापूर्वी त्याला आपल्याच देशाची ‘जाण्याची परवानगी’ही घ्यावी लागते. या दुसऱ्या परवानगीचा इतिहास बीडसारख्या जिल्ह्यातून पाहिला असता विशेष बोलका ठरतो.

या इतिहासाचा उगम उसाच्या मळ्यांत आहे. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द झाली आणि १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांवर करारबद्ध भारतीय मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते. १८३७ च्या कायद्यानुसार मजुराने आणि भरती करणाऱ्या एजंटाने लेखी करारासह सरकारी अधिकाऱ्यापुढे हजर व्हावयाचे होते. कराराची मुदत पाच वर्षे असे. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले ते या मजुरांच्या तोंडी. १९१७ मध्ये ही भरती थांबली. परंतु हजर होण्याची, कागद तपासून घेण्याची रीत १९२२ च्या आणि पुढे १९८३ च्या उत्प्रवास कायद्यात टिकून राहिली. दरम्यान १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय दिला होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

१९८३ च्या कायद्याखालील व्यवस्थेत पारपत्रांचे दोन वर्ग पडले. जो दहावी उत्तीर्ण आहे, प्राप्तिकर भरतो किंवा ज्याचे वय पन्नासच्या पुढे आहे, तो मोकळा. इतरांच्या पारपत्रावर तपासणी आवश्यक असल्याचा ‘ईसीआर’ शेरा. असा शेरा असलेल्याने सौदी अरेबिया, कुवेत, कतार यांसारख्या देशांत कामाला जाण्यापूर्वी नोकरीचा करार, व्हिसा आणि विम्याचे कागद उत्प्रवासी संरक्षकाच्या कार्यालयाकडून तपासून घ्यावयाचे. अशा स्त्रीला तर तीस वर्षे वयाची अट घालण्यात आली. हेतू संरक्षणाचा, आणि तो खोटा नव्हे: दलालाने दाखवलेला पगार आणि तेथे हाती पडणारा पगार यांतील अंतर अनेकांनी भोगले आहे. मात्र करार समजण्याची पात्रता शाळेच्या दाखल्यावर मोजली गेली.

आणि येथेच बीडचा प्रश्न उभा राहतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. या स्थलांतराला अर्ज नाही, संरक्षक नाही. असते ती मुकादमाने दिलेली उचल. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. त्यातील स्त्रीचे वय कोणी विचारत नाही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुलांची शाळा मागे राहते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांनी ही तूट काही प्रमाणात भरून काढली, पण ती पूर्ण भरली नाही.

यातील कार्यकारणभाव सरळ आहे. ज्या स्थलांतराकडे राज्यसत्ता पाहत नाही, ते शाळा तोडते. शाळा तुटली की दहावी हुकते. आणि दहावी हुकलेला तरुण पुढे आखाताची वाट धरू लागला की तीच राज्यसत्ता त्याला असुरक्षित ठरवून त्याच्या पारपत्रावर तसा शेरा मारते. देशाबाहेर जाताना ज्या कराराची काळजी वाहिली जाते, तो करार देशातल्या फडात कागदावरही येत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये ‘ईसीआर’धारकांना नारिंगी रंगाचे वेगळे पारपत्र देण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारने मांडला आणि टीकेनंतर त्याच महिन्यात मागे घेतला. रंगाचा भेद टळला; पण दाखल्याचा भेद टिकला. ‘गिरमिट’ निदान कोठेतरी लिहिलेले असे. ‘उचल’ मात्र अनेकदा केवळ मुकादमाच्या वहीत असते, आणि ती वही मजुराला दाखवली जात नाही. श्रमिकाच्या संरक्षणाचा आरंभ विमानतळावर करावयाचा की मुकादमाच्या या वहीपासून, हा प्रश्न बीडपुरता मर्यादित नाही. परंतु तो बीडमधून अधिक स्पष्ट दिसतो.