मालक शुद्धीत असेपर्यंत

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबन आहे. दीडशे वर्षांपूर्वी या मुलखाचा धनी कोण, या प्रश्नाला दोन उत्तरं होती. कागदावर वऱ्हाड हैदराबादच्या निजामाचं. कारभार मात्र इंग्रजांचा. कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. पुढे दिवाण सालारजंगने ते परत मिळवण्यासाठी बरीच वर्षं खटपट केली. मिळालं नाही. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात ते इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने देऊन टाकावं लागलं.

मालकी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, हीच व्यवस्था आपल्या घरांत एका छोट्या कागदावर होते. त्याचं नाव मुखत्यारपत्र. 'मुख्तार' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ, निवडलेला. सगळ्या व्यवहारांचे अधिकार दिले तर कुलमुखत्यारपत्र, एखाद्याच कामाचे दिले तर खास मुखत्यारपत्र.

आता समजा, मुकुटबनमध्ये एक म्हातारे वडील आहेत. नावावर कपाशीचं शेत, बँकेत थोडे पैसे. मुलगा पुण्यात नोकरीला. 'उद्या माझं काही कमीजास्त झालं तर धावपळ नको' म्हणून ते मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून देतात. दोन वर्षांनी मेंदूत रक्तस्राव होतो. वडील जिवंत आहेत, पण माणूस ओळखत नाहीत. दवाखान्याचं बिल भरायला मुलगा तो कागद घेऊन निघतो.

तो कागद तेव्हा संपलेला असतो.

भारतीय करार कायदा १८७२चा. त्याचं कलम २०१ सांगतं की अधिकार देणारा वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, तर दिलेला अधिकार संपतो. नुसते हातपाय लुळे पडले आणि समज शाबूत असली, तर कागद चालतो. समज गेली की नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी तो करून ठेवला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो.

यामागचा विचार असा: मुखत्याराचा हात हा मालकाचाच हात. मालक स्वतः जे करू शकत नाही, ते त्याच्या वतीने दुसरा कसं करणार? १८७९ मध्ये इंग्लंडात 'ड्रू विरुद्ध नन' हा खटला गाजला. नवऱ्याने बायकोला आपल्या नावावर उधारीने माल घ्यायची मोकळीक दिली होती. पुढे त्याला वेड लागलं, पण बायको माल घेतच राहिली. दुकानदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. न्यायालय म्हणालं, वेडाबरोबर बायकोचा अधिकार संपला. तरी बेसावध दुकानदाराचे पैसे नवऱ्याने द्यायचे.

पुढे इतर देशांनी यातून वाट काढली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९५४ मध्ये, समज गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राला मान्यता दिली. इंग्लंडने १९८५ मध्ये तसा कायदा केला आणि २००७ पासून त्याजागी नवी, नोंदणीची पद्धत आणली. आपलं कलम २०१ मात्र जागच्या जागी आहे.

आपल्याकडे दुसरी वाट होती, न्यायालयाची. समज हरवलेल्या माणसाच्या मालमत्तेवर जिल्हा न्यायालयाने व्यवस्थापक नेमायची सोय १८५८च्या कायद्याने केली. ती १९१२च्या कायद्यात राहिली, १९८७च्याही राहिली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांसाठी 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमायचा हक्क दिला, पण मालमत्तेच्या व्यवस्थापकाची तरतूद त्यात आलीच नाही. त्यामुळे बेशुद्ध माणसाची कुटुंबं उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घेतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाच घालून दिल्या. मुकुटबनच्या मुलाला नागपूर खंडपीठ गाठावं लागेल. वकील, वैद्यकीय अहवाल आणि तारखा धरून.

मग आपणही टिकाऊ मुखत्यारपत्र आणावं का? उत्तर देण्याआधी मुकुटबनकडे पुन्हा बघा. इथे आता सिमेंटचा कारखाना आहे, परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. जमिनीला गिऱ्हाईक आहे. अशा ठिकाणी म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन केलेला कागद, त्याची समज गेल्यावरही चालू राहिला तर? शुद्धीतला माणूस मुखत्यारपत्र रद्द करू शकतो. समज गेलेला नाही. कुलमुखत्यारपत्रांवर जमिनी 'विकण्याचा' धंदा देशात इतका फोफावला की २०११ मध्ये 'सूरज लॅम्प' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, अशा कागदाने मालकी मिळत नाही. सालारजंगचा अनुभवही हेच सांगतो: कारभार एकदा ज्याच्या हाती गेला, त्याच्याकडून तो परत मिळवणं सोपं नसतं. म्हणून टिकाऊ कागद आणायचाच, तर मुखत्याराने हिशोब कुणाला द्यायचा आणि त्याला थांबवायचं कुणी, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं हवं.

तोवर घरी करता येण्यासारखं बरंच आहे, पण ते आईवडील शुद्धीत असतानाच. बँकखातं जोडीने ठेवा आणि व्यवहार 'दोघांपैकी कोणीही एक' करू शकेल असं लिहून द्या. मृत्युपत्र करा. मुखत्यारपत्र हवंच असेल, तर शक्यतो खास करा. काम नेमकं लिहा. शेवटच्या उपचारांबद्दलची इच्छा लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. तेही करून ठेवा.

आणि समज गेल्यानंतर जुन्या मुखत्यारपत्रावर सही करून पैसे काढू नका, जमीन तर विकूच नका. कलम २०९ प्रमाणे मुखत्याराची एक जबाबदारी मात्र उरते: हाती सोपवलेल्या गोष्टींची राखण करण्यासाठी वाजवी ते सगळं करणं. उभं पीक जनावरांच्या तोंडी जाऊ न देणं, कागदपत्रं जपणं, बांधावर कुणी नांगर घातला तर हरकत घेणं.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा वडिलांच्या पेटीतला तो कागद बाहेर काढा आणि त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने वाचा. त्यात काय बदलायचं, हे अजून तेच सांगू शकतात.