मधुमेहावरील मुखसेव्य औषधे व त्यांचे नित्य सेवन

मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारात रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण आटोक्यात ठेवण्यासाठी दररोज पोटात घ्यावयाची औषधे. इन्शुलीन हे प्रथिन असल्यामुळे जठर व आतडे यांतील पाचक रसांनी त्याचे विघटन होते व ते टोचूनच द्यावे लागते [→ इन्शुलीन]. ही औषधे मात्र बहुतांशी लहान रेणूंची असून गोळीच्या रूपात घेता येतात. सुई, उकळलेली पिचकारी व मात्रेचे मोजमाप यांमुळे इन्शुलीन घेणाऱ्या रुग्णास आपोआपच शिस्त लागत असे. गोळीने ती अट काढून टाकली. १९५५ नंतर या औषधांचा झपाट्याने प्रसार झाला त्याचे मुख्य कारण ही सोय होय, आणि त्यांच्यामुळे झालेल्या बऱ्याचशा अपघातांचे मूळही तीतच आहे. या औषधांचा इतिहास सामान्यतः रसायनांच्या शोधांचा म्हणून सांगितला जातो. गोळी कोणी, केव्हा, कशाबरोबर व किती नेमाने घ्यावी हे वैद्यकास उशिरा आणि मोठी किंमत देऊन कळले, ही त्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे.

यूरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस या शिंबावंत वनस्पतीचा उपयोग लोकवैद्यकात फार पूर्वीपासून होत असे. तिच्यात ग्वानिडीन गटातील संयुगे असतात. ग्वानिडिनामुळे प्राण्यांच्या रक्तातील ग्लुकोज कमी होते असे १९१८ मध्ये सी. के. वातानाबे यांनी दाखविले. त्याच्या आधारे १९२६ मध्ये ब्रेस्लौ (सध्याचे पोलंडमधील व्हरॉट्सवाफ) येथे ई. फ्रांक व त्यांचे सहकारी यांनी सिंथॅलीन हे औषध वापरात आणले. टोचून घेण्यापासून सुटका झाली म्हणून त्याचे उत्साहाने स्वागत झाले. परंतु यकृत व वृक्क (मूत्रपिंड) यांना इजा होऊ लागल्याने थोड्याच वर्षांत त्याचा वापर मागे पडला. याच कुळातील मेटफॉर्मीन हे संयुग डब्लिन येथे ई. ए. वर्नर व जेम्स बेल यांनी १९२२ मध्येच तयार केले होते आणि त्याचा सशांच्या रक्तशर्करेवरील परिणामही १९२९ मध्ये नोंदला गेला होता. इन्शुलिनाच्या यशापुढे व सिंथॅलिनाच्या अपयशामुळे त्याकडे पुढील पंचवीसहून अधिक वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

पुढचा टप्पा योगायोगाने आला. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये येथे मार्सेल झांबाँ हे आंत्रज्वराच्या (टायफॉइडाच्या) रुग्णांवर एका नव्या सल्फा औषधाचा प्रयोग करीत होते. काही रुग्णांना झटके आले, काही बेशुद्ध झाले व काही दगावले. त्यांच्या रक्तातील ग्लुकोज धोक्याच्या पातळीखाली गेले होते. त्याच नगरातील शरीरक्रियावैज्ञानिक ओग्यूस्त लूबात्येर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवून दिले की, अग्निपिंड काढून टाकलेल्या प्राण्यात हे औषध निष्प्रभ ठरते; म्हणजे ते अग्निपिंडातील इन्शुलीन बाहेर काढूनच कार्य करते. मधुमेहावरील सल्फोनिल यूरिया या औषधवर्गाचा पाया असा रुग्णांच्या मृत्यूंवर रचला गेला. ज्या परिणामाने ते रुग्ण दगावले तोच परिणाम मात्रा बेताची ठेवून उपचार म्हणून वापरावयाचा होता, हे या वर्गाचा विचार करताना विसरून चालत नाही.

युद्धानंतर बर्लिन येथे एच. फ्रांके व जे. फुक्स यांनी कार्ब्युटामाइडाचा मधुमेहावरील उपयोग १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु अस्थिमज्जेवरील दुष्परिणामांमुळे ते मागे पडले. त्याची जागा टोल्ब्युटामाइडाने घेतली. हे जर्मनीत १९५६ मध्ये व अमेरिकेत १९५७ मध्ये उपलब्ध झाले. त्याचा प्रभाव काही तासच टिकत असल्याने ते दिवसातून दोनतीन वेळा घ्यावे लागे. रुग्णांकडून एखादी मात्रा हमखास राहून जाई. यावर उपाय म्हणून आलेले क्लोरप्रोपामाइड दिवसातून एकदाच घेतले तरी पुरत असे. कारण रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ३६ तास लागतात. सोय झाली, पण धोकाही तितकाच लांबला. एखाद्या वृद्धाने सकाळी गोळी घेऊन दिवसभर काही खाल्ले नाही, तर त्याची शर्करा रात्री उतरे, साखर देऊन शुद्धीवर आणल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरे. १९६९ मध्ये यूरोपात आलेले ग्लायबेनक्लॅमाइड मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतक्या अल्प मात्रेत परिणामकारक होते. तथापि त्यापासून शरीरात तयार होणारे काही पदार्थही क्रियाशील असतात व वृक्के दुर्बल असल्यास ते साचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आता ग्लिक्लॅझाइडाला पसंती दिलेली असून ग्लायबेनक्लॅमाइड ६० वर्षांवरील व्यक्तींना योग्य नाही, असे नमूद केले आहे.

या वर्गाचा धोका त्याच्या क्रियेतूनच समजतो. निरोगी माणसात रक्तातील ग्लुकोज वाढले की अग्निपिंडातील बीटा कोशिका इन्शुलीन सोडतात व ते उतरले की थांबतात. सल्फोनिल यूरिया औषध या कोशिकांच्या पटलावरील पोटॅशियमाचे मार्ग बंद करून त्यांना इन्शुलीन सोडण्यास भाग पाडते. मग रुग्ण जेवलेला असो वा नसो. म्हणून गोळी आणि जेवण ही एकाच क्रियेची दोन अंगे होत. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, भूक व गोंधळलेली वागणूक ही शर्करा उतरल्याची लक्षणे असून तीनचार चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून तत्काळ द्यावे लागते. याला एक अपवाद आहे. ॲकार्बोज, व्होग्लिबोज ही औषधे आतड्यात साखरेचे विघटनच मंदावतात. ती बरोबर चालू असतील, तर साखरेने लवकर गुण येत नाही. ग्लुकोजच द्यावे लागते. काही सल्फा प्रतिजंतुके सल्फोनिल यूरियाचा प्रभाव वाढवितात, ही त्या जुन्या भाऊबंदकीची आठवणच म्हणावी लागेल.

या गोळ्यांनी शर्करा उतरते, पण आयुष्य वाढते काय, हा प्रश्न अमेरिकेतील १२ वैद्यकीय केंद्रांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या पाहणीने (यूजीडीपी) ऐरणीवर आणला. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार टोल्ब्युटामाइड घेणाऱ्या २०४ जणांपैकी २६ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मरण पावले; औषधरहित गोळी घेणाऱ्या २०५ जणांत हा आकडा १० होता. त्यावरून तज्ञांत दोन तट पडले व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. टीकाकारांचा एक आक्षेप आजही विचारात घेण्यासारखा आहे : या पाहणीत टोल्ब्युटामाइडाची मात्रा सर्वांना सारखीच, शर्करा किती आहे याचा विचार न करता दिलेली होती. नेमून दिलेले औषध प्रत्यक्षात किती जणांनी नेमाने घेतले, हा वादही त्यावेळी झाला. औषधाच्या मूल्यमापनात रुग्णाच्या वर्तनाचा प्रश्न अशा रीतीने पुढे आला.

दरम्यान १९५७ मध्ये बायग्वानाइड वर्गाचे पुनरुज्जीवन झाले. अमेरिकेत फेनफॉर्मीन व फ्रान्समध्ये झां स्टर्न यांच्या कार्यामुळे मेटफॉर्मीन वापरात आले. ही औषधे मुख्यतः यकृतातील ग्लुकोजाची निर्मिती कमी करतात; त्यामुळे एकटी घेतल्यास त्यांनी शर्करा सहसा फार उतरत नाही. परंतु फेनफॉर्मिनामुळे रक्तात लॅक्टिक अम्ल साचून अनेक रुग्ण मरण पावले. अशी अम्लरक्तता झालेल्यांपैकी सुमारे निम्मे वाचत नसत. अमेरिकन शासनाने १९७७ मध्ये ते तातडीने बाजारातून काढले. भारतात त्यावर बंदी येण्यास २००३ साल उजाडले. मेटफॉर्मिनात हा धोका पुष्कळच कमी असला, तरी भावंडाच्या बदनामीचा फटका त्यालाही बसला व अमेरिकेत त्यास १९९४ च्या अखेरीसच मान्यता मिळाली. ऑक्सफर्ड येथील रॉबर्ट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये सुरू झालेल्या व ५,१०२ रुग्णांचा समावेश असलेल्या ब्रिटिश पाहणीचे (यूकेपीडीएस) निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत मेटफॉर्मीन दिलेल्या स्थूल रुग्णांतील एकूण मृत्यूंचा धोका केवळ आहारनियमनावर असलेल्यांच्या मानाने ३६ टक्के कमी आढळला. तेव्हापासून हे औषध अग्रस्थानी आले.

मेटफॉर्मिनाची सुरक्षितता बव्हंशी वृक्कांवर अवलंबून असते. शरीरात त्याचे रूपांतर होत नाही. ते जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते. म्हणून वृक्कांची गाळणक्षमता (दर मिनिटास अंदाजित मिलिलिटर) ३० च्या खाली गेल्यास ते वर्ज्य असते व ३० ते ४५ च्या दरम्यान नव्याने सुरू करीत नाहीत. तीव्र जुलाब-वांत्या, जंतुविषरक्तता किंवा क्ष-किरण तपासणीसाठी आयोडीनयुक्त द्रव्य टोचावयाचे असल्यास ते तात्पुरते थांबवावे काय, हे वैद्याला विचारावे लागते. मळमळ व जुलाब टाळण्यासाठी प्रारंभी अल्प मात्रा जेवणाबरोबर देऊन ती आठवड्याआठवड्याने वाढवितात. ही पायरी गाळल्यामुळेच पुष्कळ रुग्ण पहिल्या पंधरवड्यात औषध सोडून देतात. सावकाश विरघळणारी गोळी चावू वा कुटू नये. दीर्घकाळच्या सेवनाने ब १२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. शाकाहारी व्यक्तीत ही उणीव लवकर जाणवते आणि पायांना येणारा बधिरपणा मधुमेहाचाच समजून दुर्लक्षिला जाण्याचा संभव असतो.

औषध नेमाने घेतले जाते की नाही, हे जाणण्याचे साधन बराच काळ नव्हते. बेनेडिक्ट विद्रावात मूत्राचे थेंब टाकून उकळल्यावर निळा रंग हिरवा, पिवळा वा विटकरी होतो, ही परीक्षा घरोघरी परिचित होती; पण ती त्या काही तासांचीच स्थिती सांगे. तपासणीच्या आधीचे दोन दिवस पथ्य पाळणाऱ्यास ती सहज फसवी. सॅम्युएल राहबार यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मधुमेह्यांतील शर्करायुक्त हीमोग्लोबिनाकडे लक्ष वेधले व त्यातून दोनतीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी परीक्षा तयार झाली. तिने पथ्याचा देखावा उघडा पाडला, पण कारण सांगितले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन विकारांवरील औषधे नेमाने घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ५० टक्केच असते. बरे वाटू लागल्यावर गोळी सोडणे हे याचे एक नेहमीचे कारण होय. मधुमेहात वाढलेली शर्करा पुष्कळदा जाणवतच नाही, त्यामुळे सोडल्याचाही त्रास लगेच होत नाही. चुकलेली मात्रा आठवताच घ्यावी, पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असल्यास सोडून द्यावी व दुप्पट कधीही घेऊ नये, हा सर्वसाधारण नियम आहे. सल्फोनिल यूरियाच्या बाबतीत त्यात जेवणाची अट मिळवावी लागते.

भारतात या नियमांची कसोटी उपवासांच्या दिवशी लागते. महाराष्ट्रातील एकादशीचा वा नवरात्राचा उपवास साबुदाणा, बटाटे व रताळी यांवर होत असल्याने शर्करा उतरण्याऐवजी पुष्कळदा वाढते. म्हणून ‘उपवास आहे, गोळी नको’ हा समज चुकीचा ठरतो. हरितालिकेचा निर्जळी उपवास किंवा रमजानचे रोजे यांची गोष्ट वेगळी : त्यांत सल्फोनिल यूरियाची मात्रा व वेळ वैद्याच्या सल्ल्याने आधीच बदलावी लागते. दुसरी अडचण संयुक्त गोळ्यांची. दोन वा तीन औषधे एका गोळीत दिल्याने नेम पाळणे सोपे जाते. परंतु एकाच घटकाची मात्रा कमीजास्त करता येत नाही, आणि आपण नेमके काय घेतो हेही रुग्णास पुष्कळदा सांगता येत नाही. केंद्र शासनाने २०१६ मध्ये ३४४ व न्यायालयीन वादानंतर २०१८ मध्ये ३२८ निश्चित-मात्रा संयोगांवर बंदी घातली. त्यांत मधुमेहावरील काही संयोग होते.

एकविसाव्या शतकातील नव्या औषधांमुळे सेवनाचे नवे नियम आले. मूत्रावाटे ग्लुकोज बाहेर टाकणाऱ्या वर्गातील डॅपाग्लिफ्लोझीन यूरोपात २०१२ मध्ये मान्य झाले. या वर्गाचा हृदय व वृक्क यांना लाभ होतो. पण शर्करा फार वाढलेली नसतानाही कीटोनजन्य अम्लरक्तता होऊ शकते, असा इशारा २०१५ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने दिला. म्हणून उपासमार, तीव्र आजार व निर्जलीकरण यांत ती थांबवितात आणि पूर्वनियोजित शस्त्रक्रियेपूर्वी सामान्यतः तीन दिवस बंद ठेवतात. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली सेमाग्लुटाइडाची गोळी याहून लक्षणीय आहे. कारण प्रथिनांच्या जातीचा रेणू पोटातून देण्याचा हा यशस्वी प्रयत्न होय. एका साहाय्यक लवणामुळे त्याचे शोषण जठरातच होते, तेही अत्यल्प प्रमाणात. त्यासाठी ती सकाळी उपाशीपोटी, १२० मिलिलिटरपेक्षा अधिक नाही इतक्या साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे किमान अर्धा तास काहीही खाऊपिऊ नये लागते; चहाबरोबर किंवा न्याहारीनंतर घेतलेल्या गोळीचा बराचसा अंश वाया जातो.