ढोल रुसतो तेव्हा
भंगारवाल्याकडून आणलेला जुना ड्रमसेट मी सुटीत घरीच दुरुस्त करायला घेतला. गंजलेले स्क्रू शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर भिजवले, सुटले. अडलो तो मोठ्या ढोलापाशी. दोन्ही पाने वासराच्या कातड्याची, त्यातले एक फाटलेले!

१९०९ साली शिकागोत लुडविग बंधूंनी झपाट्याने चालणारे पेडल काढले. एकटा वादक हातापायांनी चार वाद्ये सांभाळू लागला. पण दमट हवेत कातडे ढिले पडायचे ते पडायचेच. १९५६-५७ च्या सुमारास चिक इव्हान्स व रेमो बेली यांनी मायलार प्लॅस्टिकची पाने बाजारात आणली, तेव्हा कुठे वादकांची ही कटकट सरली.

ठोक्याच्या बाजूस मीही प्लॅस्टिकच बसवले. स्वस्त पडते ना! समोरचे कातडे मात्र काढवेना. श्रावणात ते सैलावते, आणि सौ. म्हणते, “तुमचा ढोल आज रुसलाय हं!”