दिसेनाशा होणाऱ्या गाठी

मी रेडिऑलॉजी शिकले ती डार्करूमच्या काळात. फिक्सरचा वास घरी जाईपर्यंत हाताला राहायचा. डोक्याचा एक्स-रे म्हणजे तेव्हा कवटीचा एक्स-रे. मेंदू त्यात दिसतच नसे. गाठीचा संशय आला की कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढायचं आणि तिथून हवा सोडायची. ती हवा मेंदूच्या पोकळ्यांत चढली की फिल्म घ्यायची. वॉल्टर डँडी यांनी १९१९ साली सांगितलेली ही तपासणी. नंतर दोन-तीन दिवस रोग्याचं डोकं फुटायला यायचं, उलट्या व्हायच्या. पोकळी कुठे सरकली आहे यावरून गाठ कुठे असेल ते ताडायचं. ती कशाची आहे हे सहसा ऑपरेशननंतरच कळायचं.

लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि मेंदू प्रत्यक्ष दिसू लागला. पण दिसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. आपल्याकडच्या एका छोट्या गाठीने हे डॉक्टरांना नीट शिकवलं.

चांगलं धडधाकट पोर शाळेत अचानक आकडी येऊन पडे. घरचे आधी कांदा हुंगवत, मग देवऋषी, मग आमच्याकडे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिल्मवर उठून दिसणारं औषध, शिरेतून देऊन सीटी केला की मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एक लहानसं पांढरं कडं दिसे आणि त्याभोवती सुजेचा काळा पट्टा. आपला देश क्षयाचा. मुंबईत दस्तूर आणि उदाणी यांनी मेंदूच्या क्षयावर मोलाचं संशोधन केलेलं. त्यामुळे कडं दिसलं की रिपोर्टात 'ट्यूबरक्युलोमा', म्हणजे क्षयाची गाठ, असं लिहिलं जाई आणि वर्ष-दीड वर्ष टीबीच्या गोळ्या सुरू होत. लघवी लाल होई, कुणाला कावीळ होई. मुलगी असेल तर आई दार लावून हळूच विचारी, "बाई, हे कागदावर लिहायलाच हवं का? उद्या हिचं लग्न कसं व्हायचं?"

काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की कडं गायब. गोळ्या लागू पडल्या, असं सगळे समजत. पण टीबीची एकही गोळी न घेतलेल्यांची कडीही नाहीशी होत होती! सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली अशा येणाऱ्या-जाणाऱ्या डागांवर लिहिलं. पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या कड्यांवरचा लेख १९८७ साली आला. तो आम्ही झेरॉक्स काढून हातोहात वाचला. आपल्याच भागातल्या रोग्यांबद्दलचा तो लेख होता, म्हणून त्याचं अप्रूप जास्त.

उत्तर वेल्लोरहून आलं. चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठींचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत पट्टकृमीची अळी निघाली, सिस्टिसर्कस. जिवंत असेपर्यंत ही अळी शरीराला आपला पत्ता लागू देत नाही. ती मरू लागली की भोवती सूज येते, कॉन्ट्रास्ट झिरपतो, कडं उमटतं आणि झटका येतो. सूज ओसरली की गाठही विरते किंवा खडूसारखा ठिपका मागे ठेवते. खरं तर ही अळी डॉक्टरांना नवी नव्हती. हिंदुस्थानात राहून गेलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी अनेक वर्षांनी फेफरं येई, आणि मांडीच्या एक्स-रेमध्ये तांदळाच्या दाण्यांसारख्या चुनखडी झालेल्या अळ्या दिसत. डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी अशा ४५० रोग्यांचा आढावा १९६१ साली छापला होता. तरीही इथल्या एकुलत्या कड्याकडे पाहताना या अळीची आठवण व्हायला आणखी पाव शतक गेलं.

राजशेखर आणि चांडी यांनी पुढे दोन्ही गाठींतला फरक सांगितला. अळीची गाठ गोल, वीस मिलिमीटरच्या आत, मेंदूला बाजूला न ढकलणारी. क्षयाची बहुधा मोठी, वेडीवाकडी, आणि रोग्याची दुर्बलता वाढत जाणारी. नंतर एमआरआयने अळीचं डोकं ठिपक्यासारखं दाखवलं आणि लखनौच्या राकेश गुप्ता यांच्या स्पेक्ट्रोस्कोपीने क्षयाच्या गाठीतली चरबी ओळखली. तरी मला सगळ्यांत थोर वाटतो तो वीस मिलिमीटरचा नियम. तालुक्याच्या गावी, जुन्या मशीनवरही तो फूटपट्टीने लावता येतो.

निदान सांगितलं की शाकाहारी घरं दुखावत. "आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही!" त्यांना समजावावं लागे: डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून पोटात पट्टकृमी होतो; मेंदूत अळी जाते ती त्या कृमीच्या अंड्यांतून, आणि ही अंडी माणसाच्या विष्ठेतून न धुतलेल्या भाजीवर, मळक्या हातांवर येतात.

या शोधाने कितीतरी मुलं अनाठायी गोळ्यांतून आणि ऑपरेशनांतून सुटली, आणि ते साधलं दुसऱ्या स्कॅनमुळे. म्हणून ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांना माझी विनंती आहे: झटक्याची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांनी सांगितलेल्या महिन्यात पुन्हा स्कॅन करा, आणि जाताना जुन्या फिल्म सोबत न्या.