स्वतःची वही

कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली आणि उपचारांसाठी त्यांना मिरजेला आणले गेले. दृष्टी अधू राहिली, शाळेची वाट बंद झाली, म्हणून ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. आमच्या सांगली-मिरज भागात ही हकीकत 'डोळे गेले, गवई मिळाला' अशा थाटात सांगतात. मला तिच्यात आणखी काही दिसते. एका मुलाला वहीपासून उठवून कानाच्या भरवशावर बसवले गेले, आणि पुढे त्याच माणसाने गाणे कागदावर उतरवण्यासाठी स्वरलेखनाची पद्धत तयार केली. केवळ कान त्याला पुरेसा वाटला नाही.

विदर्भात माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) तान्हेपणीच अंध झाले. त्यांची शंभराहून अधिक ग्रंथांची निर्मिती आपण थक्क होऊन मोजतो. पण ती सारी दुसऱ्याच्या हातून कागदावर आली. सांगितले तेच उतरले का, हे पाहायचे तर पुन्हा दुसऱ्यालाच वाचायला सांगायचे. अंधांच्या लेखनसाधनांचा इतिहास मी म्हणूनच एका प्रश्नावर तपासतो : लिहिलेले स्वतःला, एकट्याला, परत वाचता येते का?

लुई ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी १८२४ च्या सुमारास सिद्ध केली. मुंबईत अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंधशाळा काढली ती अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने. या मिशनची ठाणी सातारा आणि वाई येथेही होती. मात्र देशात तेव्हा ब्रेलच्या अनेक पद्धती चालत. एका शाळेचे पुस्तक दुसरीकडे उपयोगी पडेलच असे नव्हते. १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ठरली आणि हा घोळ मिटला.

तोपर्यंतचे आणि नंतरचेही साधन म्हणजे ब्रेल पाटी. बिजागरीच्या दोन पट्ट्यांत जाड कागद धरायचा आणि टोकदार सळईने ठिपके टोचायचे. ठिपका उठतो कागदाच्या मागे, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटे. वाचायला कागद काढून पालथा करावा लागतो. पाटी स्वस्त आहे, खिशात मावते, वीज मागत नाही. पण मागचे वाक्य काय होते हे पाहायला हात थांबवावा लागतो आणि मध्ये शब्द घालायचा तर सोयच नाही. १९५१ मध्येच अमेरिकेत डेव्हिड अब्राहम यांचा पर्किन्स ब्रेलर बाजारात आला. सहा कळा, ठिपके वरच्या बाजूला, लिहिता लिहिता बोटाने वाचता येते. माझ्या प्रश्नाला पहिले स्पष्ट 'हो' इथे मिळते. वजन मात्र पावणेपाच किलोच्या आसपास. सातारा-सांगली एसटीत मांडीवर घेऊन बसण्याची ही वस्तू नव्हे.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांची गोष्ट १९७९ च्या सुमारास सुरू होते. अमेरिकेतल्या टेलिसेन्सरीच्या 'व्हर्साब्रेल'मध्ये मजकूर कॅसेटवर साठायचा आणि २० घरांच्या, म्हणजे सेलच्या, ओळीत ठिपके वर-खाली व्हायचे. १९८७ चे 'ब्रेल एन स्पीक' हलके आणि लाडके ठरले. त्यात लिहायचे ब्रेलमध्ये, ऐकायचे कानाने. सोय मोठी, पण माझ्या कसोटीवर ते अर्धेच उतरते. आजचा मोबाइल तिथेच अडतो. 'दिन' आणि 'दीन' त्याने वाचून दाखवले तर फरक कसा कळणार? शुद्धलेखन बोटाला समजते, कानाला नाही. न्यूझीलंडहून २००० मध्ये आलेल्या 'ब्रेलनोट'ने बोट आणि कान दोन्ही एकत्र आणले, पण अशा यंत्रांच्या किमती लाखांत गेल्या.

महाग पडतो तो सेल. विजेचा दाब दिला की वाकणाऱ्या पातळ पट्ट्या एकेक ठिपका उचलतात. एका सेलला आठ ठिपके, २० सेलला १६०. २०१८ च्या सुमारास विक्रीला आलेल्या 'ऑर्बिट रीडर २०'ने वेगळी यांत्रिक रचना वापरून किंमत अमेरिकेत ४४९ डॉलरवर आणली. त्या प्रकल्पात दिल्लीचा सक्षम ट्रस्ट सहभागी होता. ठिपके घट्ट, पण ओळ बदलायला वेळ लागतो आणि खडखड होते. वर्गात शेजाऱ्याला कळते की आपण पान उलटले. आयआयटी दिल्लीतून २०१९ मध्ये 'डॉटबुक' आले, ४० आणि २० सेलचे.

मराठी माणसाने यंत्र निवडताना आकड्यांचा हिशेब वेगळा करावा. भारती ब्रेलमध्ये काना-वेलांटीला स्वतंत्र सेल लागतो, आणि जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण व्यंजनाच्या आधी येते. 'सातारा' सहा सेल, 'सांगली' सहा, 'मिरज' चार. मधल्या दोन जागा धरून तिन्ही गावे अठरा सेलांत बसतात. पण 'महाराष्ट्र' हा छापील चार अक्षरांचा शब्द दहा सेल खातो, 'विद्यापीठ' नऊ. 'महाराष्ट्र विद्यापीठ' लिहिले की २० सेलची ओळ संपली. इंग्रजीत शब्द आखडण्याची रूढ पद्धत आहे, म्हणून तिथे २० पुरतात. मराठी वाचकाचा अंगठा मात्र सतत पुढची ओळ मागत राहतो. जाहिरातीतली तुलना इंग्रजीच्या मापाने केलेली असते. मला विचाराल तर मराठी लेखनासाठी ४० सेलचे यंत्र ही चैन नाही, आणि पैसे कमी असतील तर कमी सेलचे बोलके यंत्र घेण्यापेक्षा २० सेलचे मुके यंत्र बरे.

कागदाचाही दगा आहे. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. छापील पान वाळवून निदान वाचता येते. ब्रेलचा ठिपका भिजला की बसतो. मेमरी कार्डावरच्या मजकुराची दुसरी प्रत पुण्याला नातेवाइकाकडे ठेवता येते.

तरीही दहावीच्या परीक्षेत सातारा-सांगलीचा अंध विद्यार्थी बहुधा लेखनिकाशेजारीच बसतो. वेळ तासाला २० मिनिटे वाढवून मिळतो. लेखनिक बहुतेक वेळा खालच्या इयत्तेतला असतो. त्याने 'दीन' ऱ्हस्व काढला तर ते तपासायला विद्यार्थ्याच्या बोटांखाली काहीच नसते.