विद्यापीठीय अभ्यासक्रमांचे पुनर्विलोकन

विद्यापीठात शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाचा आशय, त्याचे अध्यापन, परीक्षा आणि विद्यार्थ्यांना त्यातून प्रत्यक्ष मिळणारे ज्ञान यांची वेळोवेळी तपासणी करून तो अभ्यासक्रम तसाच चालू ठेवावा, त्यात बदल करावा की तो बंद करावा, हे ठरविण्याची पद्धती. या पद्धतीची दोन अंगे मानली जातात. दरवर्षी निकाल, मध्येच शिक्षण सोडणाऱ्यांची संख्या, परीक्षकांचे अभिप्राय व विद्यार्थ्यांची मते पाहून किरकोळ दोष दूर करणे, हे संनियंत्रण होय. काही वर्षांनी बाहेरील तज्ञांच्या साह्याने संपूर्ण अभ्यासक्रमाचा मुळापासून फेरविचार करणे, हे नियतकालिक पुनर्विलोकन होय. पहिल्या अंगाशिवाय दुसऱ्याला आधार राहत नाही. कारण वर्षानुवर्षांची नोंद नसेल, तर फेरविचार करणाऱ्यांपुढे जुना अभ्यासक्रम व आपापली मते यांपलीकडे काहीच नसते.

भारतातील या पद्धतीचा इतिहास एका विशिष्ट अडचणीशी निगडित आहे. येथील विद्यापीठांत अभ्यासक्रम अभ्यासमंडळ आखते, तो संलग्न महाविद्यालये शिकवितात आणि परीक्षा विद्यापीठ घेते. ही तीन कामे तीन ठिकाणी विभागली गेल्यामुळे शिकविताना आलेला अनुभव अभ्यासक्रम आखणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रथमपासूनच अरुंद राहिला. गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील बहुतेक सुधारणांकडे हा मार्ग रुंदावण्याचे प्रयत्न म्हणून पाहता येते.

ब्रिटिश पूर्वपीठिका : पदवीचा दर्जा राखण्यासाठी बाहेरच्या विद्वानाची मदत घेण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झाली. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या डरॅम विद्यापीठाने आपल्या परीक्षांसाठी ऑक्सफर्डच्या परीक्षकांचे साह्य घेतले. पुढे व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या १८८० च्या सनदेत बहिःस्थ परीक्षकांची तरतूद होती. लंडन विद्यापीठाचा मार्ग मात्र वेगळा होता. १८३६ मध्ये सनद मिळालेले हे विद्यापीठ स्वतः अध्यापन करीत नसे. निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन ते पदव्या देत असे. बहिःस्थ परीक्षकाच्या प्रथेत शिक्षक व परीक्षक एकत्र बसून विद्यार्थ्याचे काम पाहत असत. लंडनच्या पद्धतीत ते एकमेकांना भेटण्याचे कारणच उरत नसे. भारताने स्वीकारला तो लंडनचा नमुना.

भारतातील प्रारंभ : चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृतींची पहिली तुकडी पदवीधर झाली. या काळी अभ्यासक्रम म्हणजे मुख्यतः परीक्षेसाठी नेमलेल्या विषयांची व पुस्तकांची यादी असे. ती ठरविण्याचा अंतिम अधिकार अधिसभेकडे होता आणि अधिसभेत शिक्षकांबरोबर सरकारी अधिकारी, न्यायाधीश, वकील व प्रतिष्ठित नागरिक मोठ्या संख्येने असत. दर्जाची कसोटी एकच, ती म्हणजे परीक्षेची काठिण्यपातळी. विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले, तर त्याचा दोष विद्यार्थ्याकडे वा महाविद्यालयाकडे जाई. नेमलेला अभ्यासक्रमच सदोष असेल का, हा प्रश्न क्वचितच विचारला जाई.

या व्यवस्थेत बदल किती सावकाश होई, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे खुद्द मराठी भाषेचे. १८६० नंतरच्या दशकात मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेच्या पुढील अभ्यासक्रमातून देशी भाषांना वगळून अभिजात भाषांना स्थान दिले. ती चूक दुरुस्त व्हावी, म्हणून रानडे यांनी आपल्या अखेरच्या वर्षांपर्यंत विद्यापीठात प्रयत्न चालू ठेवले. मराठीला एम्. ए. च्या परीक्षेत स्थान मिळाले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी. मधल्या काळात महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी स्वभाषेचा पद्धतशीर अभ्यास न करताच पदवी घेतली. अभ्यासक्रमाचा फेरविचार करण्याची ठरलेली वेळ व ठरलेली रीत नसली, की साधा शैक्षणिक प्रश्नही सभागृहातील दीर्घकालीन वाद कसा होऊन बसतो, हे यावरून दिसून येते.

कायदे व आयोग : लॉर्ड कर्झन यांनी १९०२ मध्ये टॉमस रॅली यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय विद्यापीठ आयोग नेमला आणि त्यानंतर १९०४ चा भारतीय विद्यापीठ अधिनियम झाला. या अधिनियमाने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील अधिसभांची सदस्यसंख्या ५० ते १०० एवढी मर्यादित केली, संलग्नतेच्या अटी कडक केल्या आणि महाविद्यालयांच्या तपासणीची तरतूद केली. सरकारी नियंत्रण वाढेल, या भीतीने गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात त्यास कसून विरोध केला. अधिनियमाचा एक परिणाम असा, की तपासणी ही कल्पना येथे रुजली. पण तपासणीचा विषय होता महाविद्यालय. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षकांची पात्रता व आर्थिक स्थिती यांची पाहणी होई. तेथे शिकविला जाणारा अभ्यासक्रम मात्र या पाहणीच्या कक्षेबाहेरच राहिला.

मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) या उणिवेच्या मुळाशी हात घातला. केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ हे अपुरे विद्यापीठ असून अध्यापन हे त्याचे मुख्य कार्य असले पाहिजे, असा या आयोगाच्या प्रतिपादनाचा रोख होता. शैक्षणिक बाबींसाठी मुख्यतः शिक्षकांची बनलेली विद्वत्सभा व विषयवार अभ्यासमंडळे असावीत, ही शिफारस पुढे अनेक विद्यापीठांच्या कायद्यांत उतरली. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तर १९३३ मध्ये रासायनिक तंत्रविद्या विभाग स्थापन झाला. अशा विभागांत शिकविणारे व अभ्यासक्रम आखणारे बव्हंशी एकच असत. त्यामुळे विषयातील नवे ज्ञान अध्यापनात लवकर येणे शक्य झाले. परंतु पदवीपूर्व विद्यार्थ्यांचा फार मोठा भाग संलग्न महाविद्यालयांतच शिकत होता व त्यांच्यापर्यंत हा लाभ पोहोचला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) सर्व सुधारणांत परीक्षापद्धतीच्या सुधारणेला अग्रस्थान दिले. भारतीय संविधानाने उच्च शिक्षणातील दर्जाचा समन्वय व निश्चिती हा विषय केंद्राच्या सूचीत (नोंद ६६) ठेवला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्य १९५३ मध्ये सुरू झाले व १९५६ च्या अधिनियमाने त्यास वैधानिक दर्जा मिळाला. अध्यापन, परीक्षा व संशोधन यांचा दर्जा ठरविणे व राखणे, हे या अधिनियमाच्या बाराव्या कलमाने आयोगाचे कर्तव्य ठरविले. राज्यांचा शिक्षणविषयक अधिकार व केंद्राचा दर्जाविषयक अधिकार यांची सीमारेषा कोठे आहे, हा प्रश्न अध्यापनाच्या माध्यमावरून उद्‌भवलेल्या गुजरात विद्यापीठ खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयापुढे आला व न्यायालयाने दर्जाच्या बाबतीत केंद्राचा अधिकार वरचढ मानला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला.

आयोगाने १९६० नंतरच्या दशकात विविध विषयांसाठी पुनर्विलोकन समित्या नेमून निरनिराळ्या विद्यापीठांतील अभ्यासक्रमांची तुलना करविली. विद्यापीठीय शिक्षणाच्या दर्जाविषयी नेमलेल्या समितीचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) उत्तम महाविद्यालयांना अभ्यासक्रम व परीक्षा यांबाबत स्वायत्तता देण्याची शिफारस केली. तीनुसार १९७८ पासून तमिळनाडूतील काही महाविद्यालये स्वायत्त झाली. शिकविणे, आखणे व तपासणे ही कामे पुन्हा एका छत्राखाली आणण्याचा हा महत्त्वाचा प्रयोग होय. १९८० नंतरच्या दशकात आयोगाने अभ्यासक्रम विकास केंद्रे स्थापिली व २००१ मध्ये अनेक विषयांचे आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केले. या आदर्श अभ्यासक्रमांमुळे मागासलेले अभ्यासक्रम अद्ययावत करण्यास आधार मिळाला. तथापि विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या गरजा स्वतः अभ्यासाव्यात, ही सवय केवळ नमुना हाती दिल्याने लागत नाही.

ब्रिटनमधील अभ्यासक्रम-मान्यता : याच काळात ब्रिटनमध्ये एक वेगळी पद्धती विकसित झाली. रॉबिन्झ समितीच्या (१९६३) शिफारशीनुसार १९६४ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक पदवी परिषद स्थापन झाली. विद्यापीठाचा दर्जा नसलेल्या पॉलिटेक्निक व अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ही परिषद पदव्या देई. बाह्यतः हे लंडनच्या जुन्या नमुन्यासारखेच वाटते. परंतु दोहोंत मूलभूत फरक होता. परिषद स्वतः अभ्यासक्रम नेमून देत नसे. महाविद्यालयातील शिक्षकांनी तो आखावा, परिषदेच्या तज्ञांसमोर बसून त्याचे समर्थन करावे आणि मान्यता मिळाल्यावर तो चालवावा, अशी रीत होती. मान्यता ठराविक मुदतीची, सामान्यतः पाच वर्षांची असे व मुदत संपताच पुन्हा तपासणी होई. तज्ञांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याच्या निमित्ताने शिक्षकांना हा विषय का, या क्रमाने का, याचा विचार करावा लागे. त्यात कागदपत्रांचा बोजा वाढतो, ही तक्रारही होती. १९७९ पासून परिषदेने संस्थांशी भागीदारीचे धोरण आखले आणि लिंडॉप समितीने (१९८५) अनुभवी संस्थांवर अधिक जबाबदारी सोपविण्याचा पुरस्कार केला. १९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निकना विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर परिषद विसर्जित झाली. १९९७ मध्ये ब्रिटनमधील सर्व विद्यापीठांसाठी गुणवत्ता आश्वासन संस्था स्थापन झाली.

मूल्यांकन व अलीकडील सुधारणा : भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर संस्थांच्या मूल्यांकनाची कल्पना दृढ झाली. १९९४ मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) स्थापन झाली. तिच्या सात निकषांपैकी पहिला निकष अभ्यासक्रमविषयक आहे. परंतु मूल्यांकनाचा घटक अभ्यासक्रम नसून संपूर्ण संस्था हा आहे. संलग्न महाविद्यालयाला तर या निकषावर स्वतःच्या अखत्यारीत करण्याजोगे थोडेच उरते. याउलट तंत्रशिक्षणात राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ एकेका अभ्यासक्रमाला ठराविक मुदतीची मान्यता देते. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांविषयीच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. २०१५ मधील निवडाधारित श्रेयांक पद्धती व २०१८ नंतर प्रसिद्ध झालेले अध्ययन-निष्पत्तींवर आधारित आराखडे यांमुळे विद्यार्थ्याला अखेरीस काय येते, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आला.

महाराष्ट्रात १९७४ व १९९४ च्या कायद्यांनंतर २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम झाला व तो १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. अभ्यासमंडळावर प्राध्यापकांबरोबरच बाहेरील तज्ञांचा समावेश करण्याची सोय त्यात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने संलग्नतेची पद्धती टप्प्याटप्प्याने सुमारे पंधरा वर्षांत संपुष्टात आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

समालोचन : परीक्षा, तपासणी, आदर्श अभ्यासक्रम व संस्थेचे मूल्यांकन ही दर्जा राखण्याची चार साधने भारताने क्रमाक्रमाने वापरली. यांपैकी प्रत्येकाचा काही उपयोग झाला. पण चारही साधने वर्गाच्या बाहेरून चालविली जाणारी आहेत. विशिष्ट प्रकरण विद्यार्थ्यांना का समजत नाही, प्रात्यक्षिकासाठी दिलेला वेळ पुरतो की नाही, नेमलेले पुस्तक ग्रंथालयात मिळते की नाही, हे प्रथम शिक्षकाला व विद्यार्थ्याला कळते. त्यांची ही माहिती नोंदली जाऊन अभ्यासमंडळापुढे नियमाने आली व तिच्यावर काय निर्णय झाला हे त्यांना परत कळविले गेले, तरच पुनर्विलोकनाला अर्थ येतो. अन्यथा ते पाच वर्षांनी पुस्तकांची यादी बदलण्याचे काम ठरते. संलग्नता कमी होऊन महाविद्यालये स्वायत्त होत जातील, तसतशी ही जबाबदारी त्यांच्या शिक्षकांवर येईल. मात्र स्वायत्ततेमुळे अधिकार मिळतो, सवय मिळत नाही. बाहेरील तज्ञासमोर आपल्या अभ्यासक्रमाचे समर्थन करण्याची व त्याच्या आक्षेपांतील ग्राह्य भाग स्वीकारण्याची सवय शिक्षकवर्गाने स्वतःच लावून घ्यावी लागते. तसे न झाल्यास पूर्वी दूरच्या अभ्यासमंडळाकडून होणाऱ्या दुर्लक्षाच्या जागी घरचे दुर्लक्ष येईल आणि त्याची किंमत मात्र पूर्वीप्रमाणेच विद्यार्थ्याला मोजावी लागेल.