काकूला दिलेले दोन लाख

ठाकुरद्वारच्या एका वकिलांकडे मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा गिफ्ट टॅक्स भेट देणाऱ्याला भरावा लागे. हा कर 1958 चा. एलआयसीच्या गुंतवणुकीतल्या मुंदडा प्रकरणाची उघड चौकशी न्यायमूर्ती छागलांनी आपल्या मुंबईतच केली, त्यात टी. टी. कृष्णम्माचारींचं अर्थमंत्रिपद गेलं आणि अंदाजपत्रक मांडायला खुद्द नेहरू उभे राहिले. त्या अंदाजपत्रकातच हा कर आला. सुचवला होता केंब्रिजच्या निकोलस काल्डोर यांनी. 1953 पासून मृताच्या मालमत्तेवर इस्टेट ड्यूटी होती. ती चुकवायला लोक जिवंतपणीच सगळं मुलांच्या नावे करत. मरणाआधीच्या दोन वर्षांतलं दान तेवढं धरलं जाई, त्यामागचं सुटे. ती पळवाट बुजवणं मला आजही रास्त वाटतं.

इस्टेट ड्यूटी 1985 मध्ये गेली. गिफ्ट टॅक्स शेवटी 30 हजारांच्या वर 30 टक्के होता, तोही 1 ऑक्टोबर 1998 पासून उठला. पुढे 1 सप्टेंबर 2004 पासून भार आला घेणाऱ्यावर. मर्यादा आधी 25 हजार, 2006 पासून 50 हजार. लग्नातला आहेर, मृत्युपत्राने आलेलं आणि ‘नातेवाइकां’कडून मिळालेलं यातून वगळलं.

मुद्रांक शुल्कातली नातेवाइकांची यादी निराळी. 2015 मध्ये राज्याने राहतं घर नवरा-बायको, मुलं, नातवंडं किंवा विधवा सुनेला दिल्यास शुल्क 200 रुपयांवर आणलं. भाऊ-बहीण त्यात नाहीत.

मला खरी टोचते ती आयकराची यादी. काका-काकूंनी पुतण्याला कितीही द्यावं, कर नाही. उलट पुतण्याने दिलं तर? भावाचा किंवा दिराचा मुलगा यादीत नाही. लालबाग-परळच्या खोल्यांत कोकणातून आलेली किती पोरं काकूच्या हातचं जेवून शिकली! त्यातलाच एखादा मिळवता झाला आणि त्याने म्हाताऱ्या काकूच्या खात्यात ऑपरेशनसाठी दोन लाख टाकले, तर वरचे दीड नव्हे, पूर्ण दोन लाख तिचं उत्पन्न ठरतात. पेन्शन, व्याज मिळून ती करपात्र झाली, तर कर तिने भरायचा.

कोविडच्या उपचारांसाठी मिळालेली मदत, कुणाचीही असो, सरकारने करमुक्त केली होती. तसं करता येतं, मग आपल्या आणि जोडीदाराच्या भावा-बहिणींची मुलं यादीत घ्यायला एक दुरुस्ती पुरेल. ती व्हायलाच हवी.